आम्लातली रिकामी जागा

आम्लपणाचे मूळ एखाद्या मूलद्रव्यातच असले पाहिजे, या समजुतीने रसायनशास्त्राला दीर्घकाळ अडवून धरले. लव्हाझिएने ते ऑक्सिजनमध्ये शोधले. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच, हे हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास दाखवल्यावर तो मान हायड्रोजनकडे गेला आणि अऱ्हेनियसने तो पक्का केला. वास्तविक त्याविरुद्धचा पुरावा तोवर जुना झाला होता. गे-ल्यूसॅकने १८०९ मध्येच बोरॉन ट्रायफ्लुओराइड आणि अमोनिया हे दोन वायू एकत्र आणून पांढरा घन पदार्थ मिळवला होता. अमोनिया आम्लांशी जसा जुळतो तसाच इथे जुळला, पण समोरच्या रेणूत ना ऑक्सिजन होता ना हायड्रोजन. घटक शोधणाऱ्या नजरेला याचा उलगडा होणे शक्यच नव्हते.

तो झाला १९२३ मध्ये, गिल्बर्ट लुईसच्या संयुजेवरील ग्रंथात. बोरॉनच्या बाह्य कवचात तीनच इलेक्ट्रॉन. तीन फ्लोरिनांशी भागीदारी करून सहा होतात, आठ भरायला एक जोडी उरते. अमोनियातल्या नायट्रोजनकडे नेमकी एक जोडी बंधाबाहेर असते. ती स्वीकारणारा तो आम्ल, देणारा तो आम्लारी, असे लुईसने मांडले. हायड्रोजन आयनही रिकाम्या कवचात जोडीच घेतो. म्हणजे जुनी आम्ले या व्याख्येबाहेर पडत नाहीत, त्यांच्या वागण्याचे कारण तेवढे कळते. व्याख्या फार सैल झाली, हा आक्षेप मला पटत नाही. १९३८ मध्ये लुईसने पाणी नसलेल्या द्रावकांत बोरॉन ट्रायक्लोराइड आणि स्टॅनिक क्लोराइड घेतले, तेव्हा दर्शकांचे रंग नेहमीच्या आम्लाने बदलावेत तसे बदलले आणि आम्लारी घालताच पूर्ववत झाले. सैल व्याख्येला असा रोकडा पडताळा मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फ्लोरिन सर्वांत जोराने इलेक्ट्रॉन ओढतो, मग बोरॉन ट्रायफ्लुओराइडच सर्वांत प्रबळ हवे. पण ब्राउन आणि होम्स यांच्या १९५६ च्या उष्णतामापनात पिरिडिन या आम्लारीशी ते ट्रायक्लोराइड आणि ट्रायब्रोमाइडपेक्षा दुबळे ठरले. प्रचलित स्पष्टीकरण असे, की फ्लोरिन स्वतःची जोडी बोरॉनच्या रिकाम्या ऑर्बिटलकडे अंशतः झुकवतो. जागा काहीशी व्यापलेली, आणि पाहुण्या जोडीसाठी सपाट रेणूला वाकवायचे तर ही सोय मोडावी लागते. तेव्हा इलेक्ट्रॉन किती कमी आहेत, यापेक्षा जागा किती सहज मोकळी होते, हे निर्णायक. स्टॅनिक क्लोराइडात तर कथिलाभोवती आठ इलेक्ट्रॉन पुरे असतात. तरीही तो मोठा अणू आणखी दोन क्लोराइड आयन सामावून घेतो आणि सहा बंधांचा होतो.