‘ईगल’चें पूर्वचरित्र

अमेरिकेच्या तटरक्षक दलाचें ‘ईगल’ हें शिडांचें जहाज एखाद्या बंदरांत पाहुणें म्हणून आलें कीं, तें पाहण्यास धक्क्यावर आबालवृद्धांची रांग लागते. पांढरेंशुभ्र अंग, त्यावरील तांबडा तिरपा पट्टा, तीन डोलकाठ्या आणि मुलांना विशेष आवडणारें सुकाणूचें तिहेरी चाक! ह्या जहाजावर दलाचे तरुण छात्र नौकानयन शिकतात. परंतु पाहणारानें नाळेवरील सोनेरी गरुडापाशीं क्षणभर थांबावें. जहाजाचें पूर्वचरित्र तेथें आहे.

१९३२ सालीं जर्मन आरमाराचें ‘निओबे’ हें शिकाऊ जहाज बाल्टिक समुद्रांत अकस्मात् आलेल्या वावटळीनें उलटलें आणि ६९ जण बुडाले. कितीही कललें तरी तळच्या भारी वजनामुळें पुन्हां सरळ व्हावें, अशा बेतानें त्यानंतर नवीं जहाजें बांधण्यांत आलीं. त्यांपैकीं एक १३ जून १९३६ रोजीं हांबुर्ग येथें पाण्यांत सोडलें गेलें. समारंभास हिटलर जातीनें हजर होता. जहाजास नांव मिळालें ‘होर्स्ट व्हेसेल’, म्हणजे नाझी पक्षानें हुतात्मा ठरविलेल्या एका तरुणाचें. गरुडाच्या नखांत स्वस्तिक होतें. आपल्या उंबरठ्यावरचें मंगलचिन्ह नव्हे, त्या पक्षाचें. आज त्या जागीं तटरक्षक दलाची ढाल आहे.

युद्ध संपल्यावर जेत्यांनीं जर्मनीचीं जहाजें वांटून घेतलीं; हें अमेरिकेच्या वांट्यास आलें. १५ मे १९४६ रोजीं ब्रेमरहाफेन येथें कमांडर गॉर्डन मॅकगॉवन ह्यांनीं तें ताब्यांत घेतलें खरें, पण एवढ्या शिडांचा पसारा आवरण्यास त्यांचे खलाशी थोडे व नवखे होते. तेव्हां जर्मन कप्तान बर्थोल्ड श्निबे व त्याचे कांहीं खलाशी जहाजावरच राहिले. वर्षापूर्वींचे शत्रू एकाच डोलकाठीवर चढूं लागले! अटलांटिकमध्यें भयंकर तुफानानें गांठलें, शिडें फाटलीं, पण जहाज तरलें. ही सफर नामांतराहून मोठी मानली पाहिजे. रंग आणि नांव हुकुमासरशीं बदलतें; दोर केव्हां सैल सोडावा हें मात्र शिकविणारा लागतो, मग तो पराभूत कां असेना.

तथापि जहाजाचा भूतकाळ सर्वांच्याच दृष्टीआड होत नाहीं. ‘ईगल’चें पाठचें भावंड ब्राझीलकडून पोर्तुगालकडे गेलें आणि ‘साग्रेस’ झालें. त्याच्या शिडांवर मोठे तांबडे क्रूस आहेत. गोव्यावरील पोर्तुगीज स्वारीस पांचशें वर्षें होत असतां, २०१० सालीं, तें गोव्यास आलें. तेव्हां स्वातंत्र्यसैनिकांनीं निषेध केला. तें हांबुर्गला बांधलें गेलें, ह्याच्याशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. ते त्या शिडांकडे पाहत होते.