‘कुंकू’ आणि नीरेचा नकार

जरठ-बाला विवाहाचा प्रश्न मराठी रंगभूमीने १८९९ सालीच ऐरणीवर आणला होता. देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकात म्हाताऱ्याचे लग्न मोडते आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातात. परंतु लग्न लागलेच तर? पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली काढलेल्या ‘कुंकू’ या बोलपटाची कथा नेमकी तेथूनच सुरू होते.

नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी हा बोलपट दिग्दर्शित केला. ‘दुनिया न माने’ ही त्याचीच हिंदी आवृत्ती. नीरेचे लग्न फसवून काकासाहेब या वृद्ध विधुर वकिलाशी लावले जाते. ती पळून जात नाही की विहीर जवळ करीत नाही. त्याच घरात राहून ती पत्नीपद नाकारते. शांता आपटे यांनी हा करारीपणा जिवंत उभा केला. पार्श्वसंगीताला येथे फाटा दिला आहे. घड्याळाची टिकटिकच काकासाहेबांना त्यांच्या वयाची आठवण करून देते.

लोकांनी बोलपट उचलून धरला, यात केशवराव दाते यांचा वाटा मोठा होय. ‘शारदे’तील म्हाताऱ्याला हसणे सोपे होते. दात्यांचे काकासाहेब मात्र खलपुरुष नव्हेत. स्वतःचा अन्याय हळूहळू उमगत जाणारे ते एक गृहस्थ आहेत. अखेरीस ते आत्महत्या करून नीरेला मोकळी करतात.

हा शेवट आज अतिनाट्यमय वाटेल. परंतु त्या वेळचा कायदा पाहावा. १९२९ च्या शारदा कायद्याने वधूचे किमान वय चौदा ठरविले. वधूवरांच्या वयांतील अंतरावर त्याने बंधन घातले नाही. विधवेला पुनर्विवाहाची मुभा १८५६ पासून होती. परंतु मुंबई इलाख्यात हिंदू पत्नीला घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ साली. म्हणजे नीरेला नवे आयुष्य मिळण्यास काकासाहेबांचे मरण हीच एक वाट उरली होती. कथेतील हा बळी लेखकाच्या लहरीने नव्हे, कायद्याच्या उणिवेने मागितला.

प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. कायदेही पालटले. तरीही ‘कुंकू’ शिळा झालेला नाही. कारण मुलीची संमती न विचारता तिचे लग्न ठरविणारी घरे अजून सरलेली नाहीत.