तलाकनंतर पोटगी : इद्दत संपली तरी हक्क संपत नाही

तलाक झाला की घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "मेहर दिला का? इद्दतीचा खर्च दिला का?" दोन्ही दिले की विषय संपला, असाच आपल्याकडे समज आहे. कायद्याने तो तिथे संपत नाही, हे आम्ही इथे सांगत आहोत.

बायकोचा हक्क

शाहबानो निकालानंतर १९८६ मध्ये मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात त्याचा अर्थ स्पष्ट केला : तरतूद इद्दतीच्या मुदतीत करायची, पण ती तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून. १० जुलै २०२४ च्या निकालाने कलम १२५ खाली पोटगी मागण्याचा रस्ताही तलाकशुदा महिलेला खुला असल्याचे सांगितले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम १४४ आहे. स्वतःचा खर्च भागवू न शकणारी आणि दुसरा निकाह न केलेली महिला अर्ज करू शकते.

मुलांचा हक्क

१९८६ च्या कायद्यातली दोन वर्षांची मुदत मुलांच्या पोटगीला लागू नाही, हे १९९७ मध्येच ठरले आहे. मुले आईकडे राहतात म्हणून बापाची जबाबदारी सुटत नाही. खुलाच्या कागदावर "काही मागणार नाही" असे आईने लिहून दिले, तरी मुलांचा हक्क बुडत नाही.

अर्ज कसा करायचा

आपण राहतो त्या जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. निकाहनामा, तलाकचा कागद, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या आणि नवऱ्याच्या कमाईचा मिळेल तो पुरावा जवळ ठेवा. दोघांनाही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. अंतरिम पोटगीही मागता येते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. म्हणून उशीर केला तर तेवढे महिने हातचे जातात. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत, तर वॉरंट निघते, तुरुंगवासही होऊ शकतो.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, मिळकतीची अट नाही.

हक्क मागणे म्हणजे दीनच्या विरुद्ध जाणे, असे काहीजण म्हणतात. सूरह बकराची २३३ वी आणि २४१ वी आयत तर्जुम्यासह घरात बसून वाचा, एवढेच आमचे सांगणे.