रिकामी पखाल

आजीच्या गोष्टीत दुष्ट प्रधान ठरलेला असायचा. आटपाट नगर, तिथला पोरसवदा राजा आणि राजाच्या आडून राज्य चालवणारा हा माणूस. शेवटी तो मरायचा, मग आपण कुशीवर वळून झोपायचो. मरताना त्याच्या घशाला कोरड पडली होती का, हे आजीला कधी कुणी विचारलं नाही.

ते आज विचारू. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, मे महिन्याच्या दुपारी चला. खुदावंद खानाने 1582 मध्ये बांधलेल्या दगडी मशिदीच्या भिंतीला तळहात लावा. चटका बसेल, तरी हात काढू नका. दगड निवेल आणि कोऱ्या चुन्याचा वास येईल. खांद्यावर अचानक ओझं जाणवेल, कातड्याच्या पट्ट्याचं. आता 1591 चा उन्हाळा आहे आणि तुम्ही जमाल खानाच्या फौजेतले पखालजी आहात.

पखाल रिकामी आहे. भरलेल्या पखालीने पाठ थंड राहते. रिकामी झाली की कातडं आक्रसतं, शिवणी कडक होतात आणि चालताना ती पाठीवर चापटी मारल्यासारखी आपटत राहते. तुमच्या मागे लोक येतात, तोटी पिळून बघतात आणि शिवी देऊन निघून जातात. घाटाची सोपी वाट शत्रूने आधीच धरली, म्हणून खानाने फौज आडवाटेने उतरवली आहे. घोड्यांच्या तोंडाला फेससुद्धा येत नाही, तेवढा ओलावा त्यांच्यात उरलेला नाही.

आणि तो बघा, जमाल खान. अहमदनगरचा कर्ताकरविता. गादीवर बसवलेलं कोवळं पोर, इस्माइल निजामशहा, त्याने सोबत आणलं आहे. समोरून चालून येतोय तो या पोराचा सख्खा बाप बुऱ्हाण. अकबराच्या आश्रयाला राहिलेला, आता खानदेशच्या राजा अली खानाच्या पाठबळावर गादी मागायला आलेला. मुलाच्या गादीवर बाप चालून येतो, अशी गोष्ट आजीकडेही नव्हती.

तुमच्या शेजारचा म्हातारा शिपाई डोळे मिटून बसला आहे. त्याच्या डोळ्यांतून दोन वर्षं मागे या.

अहमदनगरचा किल्ला, 1589. त्याच्या आदल्या वर्षी इथे मुलाने बाप मारला होता. मुर्तझा निजामशहाने आधी मुलाच्या अंथरुणाला आग लावली, पोरगा वाचला. मग त्या पोराने, मीरान हुसेनने, बापाला हमामात कोंडून गुदमरवून मारलं. वर्षही उलटलं नाही तोच मीरान हुसेन त्याच्याच वजिराच्या, मिर्झा खानाच्या कैदेत पडला. वजिराने लोहगडाच्या बंदिवासातून इस्माइलला आणून गादीवर बसवलं. दारात जमाव जमला, पुढे जमाल खान. आमचा राजा दाखवा, एवढीच मागणी. आतून उत्तर आलं ते बुरुजावरून: राजाचं मुंडकं.

तुम्ही दारापाशी कडबा रचणाऱ्यांत आहात. दाराने पेट घेतला, की पुढचं बघू नका म्हटलं तरी दिसणारच. इराण-तुराणातून आलेल्या ‘परदेशी’ मंडळींची कत्तल काही दिवस चालते. सरदार, व्यापारी, मुल्ला, कालपर्यंत शेजारी राहणारे. ओठांवरच्या फारसीवरून माणूस ओळखायचा आणि कापायचा. जमाल खान ते थांबवू शकला असता. नाही थांबवलं. मी त्याची वकिली करायला तुम्हाला इथे आणलेलं नाही. मिर्झा खानाची गाढवावरून धिंड निघते, मग तोही संपतो.

पण दखनी, म्हणजे इथलेच, आणि परदेशी हे वैर जमाल खानाने जन्माला घातलं नव्हतं. गंमत अशी, की त्याचा एक धागा याच रोहिणखेडात आहे. 1437 च्या सुमारास बहामनी सेनापती खलफ हसन बसरी याने दखनींवर भरवसा नको म्हणून निवडक परदेशी फौज आणली आणि इथेच खानदेशच्या नसीर खानाला धुळीला मिळवलं. त्यानंतर दरबारात परदेशी उजव्या हाताला बसू लागले, दखनी डाव्या. दीडशे वर्षं डाव्या हाताला बसलेल्यांचा राग त्या कडब्याने पेटला, असं मला वाटतं.

आणि ही सगळी गोष्ट सांगणारा कोण? फरिश्ता. स्वतः इराणी वंशाचा, शिया, निजामशाहीच्या नोकरीतला. कत्तलीच्याच वर्षी अहमदनगर सोडून तो विजापूरला पोहोचला. तिथे बसून त्याने लिहिलं. ज्याची माणसं मारली गेली, त्याच्याच दौतीतून जमाल खान आपल्यापर्यंत आला आहे. जमाल खान महदवी होता, जौनपूरच्या सय्यद मुहम्मदला महदी मानणारा. त्याने दौलतीतही तोच पंथ आणला. महदवींनी लिहिलेली गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात कुणी ठेवलीच नाही.

डोळे उघडा. घाट, ऊन, पखाल.

वऱ्हाडचे सरदार बुऱ्हाणला जाऊन मिळाले. पुढे शिंदीच्या बनात पाणी आहे, अशी खबर येते आणि सगळी फौज त्या एका शब्दामागे धावते. शिंद्या दिसतात, आणि त्यांच्यात बुऱ्हाणचे तंबूही दिसतात. पाणी त्यांच्याकडे आहे.

शहाणा माणूस इथे मागे फिरला असता. जमाल खान नुकताच धाराशिवजवळ विजापूरच्या दिलावर खानाला हरवून, हत्ती लुटून आलेला आहे. तो चाल करतो. तहानलेली माणसं कशी लढतात हे तुम्ही जवळून बघा. ती शत्रूवर धावत नाहीत, त्याच्या पाठीमागच्या पाण्यावर धावतात. बुऱ्हाणची फळी मागे सरते. एक क्षण वाटतं, जिंकलो.

मग गोळी. बंदुकीची एक गोळी, कपाळात. जमाल खान घोड्यावरून खाली येतो आणि त्याच्याबरोबर अख्खी फळी मोडते. तुम्ही जवळ जाऊन बघता. ओठ फुटलेले, जीभ पांढरी. आजीला विचारायचं राहिलेलं उत्तर हे आहे.

संध्याकाळी शिंदीच्या बनात तुम्हाला कुणीतरी ढकलत नेतं. पखालजी आहेस ना, मग भर. कुणाचा होतास हे कुणी विचारत नाही. कातडं पाण्यात बुडताच फुगतं, शिवणी मऊ होतात, पाठ थंड होते. तंबूत नेऊन उभं करतात. इस्माइल तिथे बसला आहे, समोर त्याचा बाप. चार वर्षांनी मरताना हा बाप या मुलाला डावलून दुसऱ्या मुलाला, इब्राहिमला, गादी देणार आहे, कारण याच्यावर महदवीपणाचा डाग आहे. ते अजून दोघांनाही ठाऊक नाही.

पोरगा ओंजळ पुढे करतो. तुम्ही तोटी सोडता. तो पीत नाही, आधी तोंड धुतो. बराच वेळ.