घराचा आराखडा कोणी करावा?

रायपूर शहरातील चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८१८ नंतर कारभाराचे मुख्य ठाणे रायपुरास आले. तेव्हापासून मराठी कुटुंबे या प्रदेशात येत राहिली आणि येथलीच झाली. परक्या मुलुखात आलेला मनुष्य आधी भाड्याच्या घरात राहतो आणि चार पैसे गाठीला जमले म्हणजे स्वतःचे घर बांधू पाहतो. अशा वेळी त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो: घराचा आराखडा आपणच करावा, की वास्तुविशारदाच्या हाती सोपवावा?

आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न पडत नसे. किती खणांचे घर, गोठा कोठे, तुळस कोठे, हे घरधनी सांगे. पाया किती खोल घ्यावा आणि तुळईला लाकूड कोणते वापरावे, हे गवंडी आणि सुतार ठरवीत. त्यांच्यापाशी पदवी नसली तरी पिढीजात अनुभव होता. पुढे मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा निघाली. तेथील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी १९१७ साली स्थापिलेल्या संघटनेतून भारतीय वास्तुविशारदांची संस्था उदयास आली आणि हा स्वतंत्र पेशा आकारास आला. पुण्याचे अभियंते र. श्री. देशपांडे यांनी १९३० नंतरच्या दशकात मध्यमवर्गीयांसाठी घरबांधणीवर सचित्र ग्रंथ लिहिले. शास्त्र सामान्य गृहस्थास समजावून देता येते, ही श्रद्धा त्यांच्या मुळाशी होती.

या दोन पक्षांची खरी कसोटी मात्र पुढे मराठवाड्यात लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात धरणीकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जित करून गाव निजले होते. आठ ते दहा हजार माणसे त्यात दगावली. मारले ते घरांनी. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर माळवदाचा हात-दीड हात मातीचा थर, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात ती गार राहत. परंतु भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना जखडणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. हादरा बसताच थर सुटले आणि मातीचा भार निजलेल्यांवर कोसळला.

यावरून कोणी म्हणेल, अडाण्याने घर बांधू नये हेच सिद्ध झाले. तथापि तज्ज्ञांचीही बाजू पाहावी. देशाच्या तत्कालीन भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमिनीच्या मालकीनुसार अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची पक्की घरे आखली गेली. रस्ते सरळ आणि रुंद झाले, पण गाव एवढे पसरले की शेजार दुरावला. गुरांना, कडब्याला, अवजारांना पुरेशी जागा उरली नाही, आणि लोकांनी त्या पक्क्या घरांभोवती स्वतःच्या हातांनी पुन्हा पत्र्याचे आडोसे उभारले. जुनी घरे कशी पडतात हे आखणाऱ्यांना ठाऊक होते. त्यांत माणसे कशी राहतात, हे त्यांनी पुरेसे विचारलेच नव्हते.

याच कार्यक्रमात तिसरी वाटही निघाली. जी घरे जागच्या जागी उभी होती, त्यांपैकी सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुती मालकांनी स्वतः करावयाची होती. पैसा सरकारने हप्त्याहप्त्याने द्यावा आणि अभियंत्याने तांत्रिक मार्गदर्शन करावे, अशी ही रचना होती. गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. भूकंपास टिकणारे घर कसे असते, हे त्या शेजारणींना समजावीत.

कायदाही या प्रश्नाचे ओझे गृहस्थावरच टाकतो. १९७२ च्या अधिनियमाने ‘वास्तुविशारद’ हे अभिधान नोंदणी झालेल्यांसाठी राखून ठेवले. त्याने अभिधान राखले आहे, आराखडा काढण्याचे काम नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. नगरपालिकांचे बांधकामाचे नियम अर्थात वेगळे असतात आणि ते पाळावेच लागतात.

तेव्हा चौबे कॉलोनीतील गृहस्थाने काय करावे? वैशाखात दुपार कोठे काढावयाची, वृद्ध आईची खोली कोठे हवी, पाहुणे किती येतात, हे त्याने आणि त्याच्या गृहिणीने कागदावर मांडावे. ते परक्याकडून घेऊ नये. खांबांची जाडी, लोखंडाचे प्रमाण, पायाची खोली यांत मात्र स्वतःची अक्कल चालवू नये. आणि तज्ज्ञाने जे ठरविले असेल, त्याचे कारण त्यास अवश्य विचारावे. कारण सांगण्याचा ज्याला कंटाळा येतो, असा तज्ज्ञ नेमू नये. घर चुकले तर आखणारा दुसऱ्या घराच्या कामाला लागतो. त्या छपराखाली निजावे लागते ते घरच्यांनाच.