कुंपणाबाहेरचा कॅमेरा : विमान, माणूस आणि कायदा

१/५ १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. भातकुलीच्या शिवारात उभे राहून एखाद्याने आकाशातील विमानाचे छायाचित्र घेतले, तर तो गुन्हा ठरेल काय? उत्तराची मुळे ब्रिटिश राजवटीत आहेत.

२/५ १९३४ च्या विमान अधिनियमाखाली १९३७ साली नियमावली झाली. तिच्या १३ व्या नियमाने सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून लेखी परवानगीविना छायाचित्रणास मनाई केली. विमानातील प्रवाशांना सशर्त मुभा मिळाली ती २००४ च्या परिपत्रकाने.

३/५ नियमाची मेख अशी, की विमान कोणाच्या मालकीचे, हे तो विचारत नाही. कॅमेरा कोठे आहे, एवढेच पाहतो. शेताचा बांध त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

४/५ लष्करी तळ मात्र निराळा. तेथे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होतो. छंद आणि हेरगिरी यांतील सीमारेषा किती पुसट, हे ग्रीसमध्ये दिसले. २००१ साली कालामाता येथे १४ विमानवेड्यांना अटक झाली. एप्रिल २००२ मध्ये ते दोषी ठरले, नोव्हेंबरमध्ये निर्दोष सुटले.

५/५ आणि चौकटीत माणूस आला तर? २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणास मूलभूत हक्क मानले. सार्वजनिक ठिकाणी आल्यामुळे माणूस तो हक्क गमावत नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. विमानाला खासगीपणा नसतो. त्यातून उतरणाऱ्याला असतो.