स्वभावाला औषध

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एक तरुण जमीनदार कायमचा कोंडून ठेवलेला होता. एकुलता एक मुलगा, आईने लाडावून ठेवलेला. कुत्रा असो वा घोडा, मनाविरुद्ध वागला की हा त्याचा जीवच घ्यायचा. एकदा एक बाई त्याला लागेल असं बोलली, तर त्याने तिला विहिरीत ढकलून दिलं. खटला उभा राहिला, साक्षीदारांनी त्याच्या संतापाचे एकेक किस्से सांगितले आणि त्याची रवानगी बिसेत्रला झाली. पण राग शांत असला की हाच माणूस जमीनजुमल्याचे व्यवहार चोख सांभाळायचा, अडल्यानडल्याला मदतही करायचा. डॉक्टर फिलिप पिनेल यांच्यापुढे हे कोडंच होतं. वेड म्हणजे बुद्धीचा बिघाड, असं तेव्हा मानलं जाई. याची बुद्धी तर शाबूत होती. १८०१ च्या आपल्या ग्रंथात पिनेलनी या अवस्थेला नाव दिलं: भ्रमाविना उन्माद.

अशा माणसाबद्दल मराठी घरांत एक वाक्य ठरलेलं आहे: ‘स्वभावाला औषध नाही.’ त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, हा आजार नव्हे, स्वभाव आहे. दोन, म्हणून यावर इलाज नाही. युरोप-अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राने पुढची दोनशे वर्षं याच दोन गोष्टींशी झुंज घेतली, आणि बराच काळ त्या खऱ्याच मानल्या.

ब्रिस्टलचे डॉक्टर जेम्स कौल्स प्रिचर्ड यांनी १८३५ मध्ये ‘मॉरल इन्सॅनिटी’ हा शब्द रुळवला. तेव्हाच्या इंग्रजीत ‘मॉरल’मध्ये भावना, वृत्ती, मनाचा कल हे सगळं येई. बुद्धी ठीक आहे, बिघाड भावनांमध्ये आहे, एवढंच प्रिचर्डना म्हणायचं होतं. वाचणाऱ्यांनी मात्र त्यात नीतिभ्रष्टता वाचली. हा घोळ पुढे कधी पुरता सुटलाच नाही. १८९१ मध्ये जर्मनीत युलियस कोख यांनी अशा माणसांसाठी जो शब्द काढला, त्यात ‘न्यूनता’ उघडउघड होती. एमिल क्रेपेलिन यांच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकात खोटारडे आणि ठकसेन, समाजविरोधी, भांडकुदळ असे प्रकार आले. ती यादी वाचताना रुग्णांऐवजी आरोपीच डोळ्यांपुढे येतात.

कुर्ट श्नायडर यांनी १९२३ मध्ये दहा प्रकार मांडले. त्यांना नीतीचा न्यायनिवाडा नको होता. त्यांची व्याख्या साधी होती: ज्याच्या विलक्षण स्वभावाचा त्रास त्याला स्वतःला होतो, किंवा समाजाला होतो, तो. या व्याख्येतला ‘किंवा’ फार महत्त्वाचा. त्याने पहिल्यांदा दुखणाऱ्या माणसाला जागा दिली, पण दुसरं दारही उघडंच ठेवलं. समाजाला ज्याचा त्रास होतो, त्याचा निवाडा समाजच करणार.

न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांना १९३८ मध्ये वेगळेच रुग्ण दिसत होते. त्यांना वेडे म्हणता येत नव्हतं आणि नेहमीच्या मनोविश्लेषणाने ते सुधारतही नव्हते. जराशा शब्दाने ते कोसळत. स्टर्न यांनी त्यांच्या लक्षणांत ‘मानसिक रक्तस्राव’ असं एक लक्षण नोंदवलं. या शतकभराच्या कागदपत्रांत रुग्णाच्या वेदनेच्या इतकं जवळ जाणारे शब्द क्वचितच सापडतात. वेड आणि मज्जाविकृती यांच्या सीमेवरचे म्हणून स्टर्ननी त्यांना ‘बॉर्डरलाइन’ म्हटलं. त्या सीमेची कल्पना पुढे मोडीत निघाली, नाव तसंच राहिलं.

इलाजाच्या बाजूला फारसं काही नव्हतं. एक अपवाद लंडनच्या दक्षिणेला, सटनमध्ये. तिथल्या बेलमाँट रुग्णालयात मॅक्सवेल जोन्स यांनी १९४७ पासून एक कक्ष चालवला. रोज सकाळी सगळे रुग्ण, परिचारिका आणि डॉक्टर एकाच सभेत बसायचे. काल रात्री कोण कोणावर ओरडलं, कोणी काय मोडलं, हे सगळ्यांसमोर बोललं जाई. हेंडरसन हॉस्पिटल या नावाने तो कक्ष पुढे प्रसिद्ध झाला. कोणाला दाखल करायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, यावर तिथे रुग्णांचंही मत घेतलं जाई. ज्यांना समाजविघातक ठरवलं होतं, त्यांच्यावरच एका छोट्या समाजाची जबाबदारी सोपवली गेली. २००८ मध्ये ते रुग्णालय बंद झालं.

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेची निदानपुस्तिका, डीएसएम, तिसऱ्या आवृत्तीत मुळापासून बदलली. स्वभावातल्या अशा बिघाडांना, म्हणजे ‘व्यक्तिमत्त्व विकारां’ना, स्वतंत्र रकाना मिळाला. अकरा विकार, तीन गट आणि प्रत्येकाला लक्षणांची यादी. बॉर्डरलाइन विकार अधिकृतपणे पुस्तिकेत आला तो याच वेळी. दोन गावांतले दोन डॉक्टर एकाच रुग्णाबद्दल एकच बोलतील, ही आशा होती आणि ती रास्त होती. पण १९९४ च्या चौथ्या आवृत्तीपासून बॉर्डरलाइनसाठी नऊपैकी कोणतीही पाच लक्षणं पुरेशी ठरली. गणित मांडलं तर ती २५६ प्रकारे जुळतात. एकच निदान झालेल्या दोन माणसांत एखादंच लक्षण समान असू शकतं. आणि चार लक्षणांवर थांबलेला माणूस कितीही तळमळत असला, तरी कागदावर निरोगी.

यादीत काय घालायचं याची बैठकही निव्वळ शास्त्राची नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ‘आत्मपीडक व्यक्तिमत्त्व विकार’ घालण्याचा प्रस्ताव आला. स्त्रीवादी मानसशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. नवऱ्याचा मार खाऊन त्याच घरात राहणारी बाई या व्याख्येत अलगद बसणार आणि दोष तिच्या स्वभावाला लागणार, हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. १९८७ मध्ये तो विकार नाव बदलून परिशिष्टात गेला. १९९४ मध्ये तिथूनही गेला.

निदानाच्या शब्दाचं वजन किती, हे ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये दिसलं. ग्लिन लुइस आणि लुइस अॅपलबी यांनी मनोविकारतज्ज्ञांना रुग्णाची हकीकत वाचायला दिली. काहींच्या कागदावर ‘पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान’ एवढी एक नोंद जास्त होती. तेवढ्याने तोच रुग्ण डॉक्टरांना त्रासदायक, डाव टाकणारा, उपचारांना कमी पात्र वाटू लागला. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच या रुग्णांचं वर्णन ‘मनोविकारतज्ज्ञांना न आवडणारे’ असं होतं.

हे सारं घडत असताना सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्शा लिनेहन नावाच्या मानसशास्त्रज्ञ अशाच रुग्णांबरोबर काम करत होत्या. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या, मरणाच्या उंबरठ्यावर जगणाऱ्या स्त्रिया. तू बदल, असं सांगितलं की या स्त्रियांना वाटे, आपलं दुःख कोणाला कळलंच नाही. तू आहेस तशी ठीक आहेस, म्हटलं की वाटे, मग या नरकातून सुटका नाही. लिनेहननी दोन्ही गोष्टी एकत्र धरायचं ठरवलं. तुझं दुःख खरं आहे, आणि तुला बदलावं लागेल. त्यातून ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ उभी राहिली.

तिचं स्वरूप शाळेसारखं आहे. आठवड्याला एक भेट, एक गटवर्ग, अडीअडचणीला थेरपिस्टला फोन. रोज एक तक्ता भरायचा: आज राग किती, लाज किती, स्वतःला इजा करण्याची ऊर्मी किती. काही बिनसलं तर पुढच्या भेटीत त्याची साखळी उलगडायची. सकाळी जेवण झालं नव्हतं, दुपारी बहिणीचा फोन आला, तिने अर्ध्यात ठेवला, मग एक विचार आला, मग दुसरा. कुठली कडी तोडता आली असती? भावनेचा लोट आवरेनासा झाला तर थंडगार पाण्याच्या भांड्यात तोंड बुडवून क्षणभर श्वास रोखायचा, हेही शिकवलं जातं. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. १९९१ मध्ये लिनेहननी वर्षभराच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. या उपचारातल्या स्त्रियांनी स्वतःला कमी इजा केली, त्या रुग्णालयात कमी दिवस राहिल्या, आणि उपचार अर्ध्यात सोडणाऱ्याही कमी निघाल्या.

त्यानंतर बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी बॉर्डरलाइनच्या २९० रुग्णांचा माग वर्षानुवर्षं काढला. दहा वर्षांत ९३ टक्के जणांची लक्षणं निदान दोन वर्षांपुरती तरी ओसरली होती. ‘जन्मखोड’ मानलेला आजार बहुतेकांत ओसरतो, हे तोवर कोणी इतक्या ठामपणे दाखवलं नव्हतं. मात्र लक्षणांबरोबर नोकरी आणि नाती हेही सावरलं, असे निम्मेच निघाले. वादळ थांबतं, पण पडलेलं घर बांधायला हात लागतात, आणि ते हात अजून फार थोड्या ठिकाणी मिळतात.

गोळ्यांचं म्हणाल तर म्हण अक्षरशः खरी आहे. मूळ विकारावरची गोळी आजही नाही. ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी बॉर्डरलाइनसाठी म्हणून औषधं देऊ नयेत, असंच सांगितलं. उपयोग होतो तो शिकण्याचा, नात्याचा, वेळेचा.

२०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणाने जुने प्रकार जवळजवळ सगळे पुसले. आता आधी तीव्रता बघायची, सौम्य, मध्यम की गंभीर, आणि मग स्वभावाचे कल. एकटं बॉर्डरलाइन मात्र एक विशेष खूण म्हणून राहिलं. त्या नावाभोवती उपचार आणि संशोधन उभं आहे, ते कोसळेल, असं तज्ज्ञांच्या संघटनांनी आग्रहाने मांडलं होतं.

लिनेहनना एकदा एका रुग्णाने विचारलं होतं: तुम्ही आमच्यातल्याच का? जून २०११ मध्ये त्यांनी जाहीर उत्तर दिलं. १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, त्या हार्टफर्डच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या. सव्वीस महिने. स्किझोफ्रेनियाचं निदान, विजेचे झटके, एकांताची खोली. आज निदान करायचं तर आपण बॉर्डरलाइनच म्हणू, असं त्या म्हणाल्या. हे सांगायला त्यांनी तेच रुग्णालय निवडलं. ती एकांताची खोली पुन्हा बघायला त्या गेल्या. तिचं आता छोटं कार्यालय झालं होतं. खिडक्या बदलल्या होत्या, आणि आत पूर्वीपेक्षा खूप जास्त उजेड येत होता.